हुंकारासाठी सोडलेली जागा

माय,

तू गेलीस त्याला आता एकोणीस वर्षं झाली, आणि या एकोणीस वर्षांत तुझ्या लेकीचा आवाज कुठं कुठं जाऊन पोचलाय हे तुला सांगायचं राहूनच गेलं. बँकेला फोन लावला की मराठीसाठी दोन दाबा म्हणणारी बाई असते, त्यातल्या एका बँकेची बाई मी आहे. जालन्यात आमच्या भागात सकाळी घंटागाडी यायची आणि ओला कचरा वेगळा, सुका वेगळा म्हणून बजावायची, ती बाईसुद्धा काही वर्षं मीच होते. माझाच आवाज मला रोज सकाळी सातला दटावायचा आणि मी डबा घेऊन पायऱ्या उतरत पळायचे. ठिबकच्या नळ्या कशा धुवायच्या, बाळाला कुठली लस कधी द्यायची, असलं पुष्कळ वाचून झालं, आणि आता सगळ्यात जास्त काम पुस्तकांचं. लोक आता पुस्तकं ऐकतात, माय. कानात कापसाच्या बोंडाएवढं यंत्र घालतात आणि भाकरी थापताना, गाडी हाकताना ऐकत राहतात. अकरा-अकरा तासांचं एकेक पुस्तक मी माझ्या खोलीत एकटी बसून वाचते आणि समुद्रापलीकडची मराठी माणसं ते ऐकतात. एका बाईंनी कळवलं, त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई माझा आवाज लावल्याशिवाय घास घेत नाहीत. तू असतीस तर पहिल्यांदा विचारलं असतंस, "नुसतं वाचायचं? अन् त्याला काम म्हनतेत?" म्हणतात. मलाही अजून पुरतं खरं वाटत नाही.

पण हे पत्र बढाई मारायला लिहीत नाहीये. गेली सहा वर्षं मी तुझ्याबद्दल लोकांना एक खोटी गोष्ट सांगत होते. आज सकाळी एका बाईंना फोन करून ते खोटं मी निस्तरलं, आणि त्याच फोनमध्ये त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचं उत्तर मला तुला द्यायचंय. मात्र त्यासाठी आधी टेंभुर्णीच्या विहारात जावं लागेल, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मी सातवीत होते. वर्षावासाचे दिवस, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन. वाचणारे आजोबा त्या वर्षी मोतीबिंदूनं हैराण झाले आणि गल्लीत दुसरं सरळ वाचणारं कुणी मोकळं नव्हतं, तेव्हा तू उभी राहून म्हणालीस, माझी लेक वाचील. मला विचारलंसुद्धा नाहीस. पांढऱ्या कपड्यावर ग्रंथ ठेवलेला, समोर वीस-पंचवीस बाया, बहुतेक सगळ्या दिवसभर शेतात वाकून आलेल्या, भिंतीला पाठ टेकली की डुलकी लागेल अशा. मी घसा साफ केला आणि सुटले. शाळेत भरभर वाचणाऱ्याला हुशार म्हणत, आणि मी शाळेतली सगळ्यात हुशार. दोन पानं एका दमात संपवली आणि कौतुकासाठी वर बघितलं तर सगळ्या गप्प. घरी जाताना मी वाट बघत होते तू काहीतरी चांगलं बोलशील म्हणून. तू चिखल चुकवत चालता चालता म्हणालीस, "तू वाचून राह्यलीस का पळून राह्यलीस? आम्ही बाया समद्या मागं राह्यलो."

मला राग आला. जिला अक्षर येत नाही तिनं मला वाचनातलं सांगावं, हे माझ्या सातवीच्या डोक्याला पटेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम, तुला चिडवायला म्हणून, एकेक वाक्य वाचून थांबत गेले. आणि तेव्हा पहिल्यांदा तू हुंकार दिलास. भिंतीजवळून, फार मोठ्यानं नाही, नुसतं "हं." मी पुढचं वाक्य वाचलं. "हं." हळूहळू तुझ्याबरोबर बाकीच्या बायाही देऊ लागल्या, पण पहिला नेहमी तुझा असायचा. कळलं की छोटा हं. मनाला लागलं की लांबलेला, शेवटाला खाली उतरणारा. ठाऊक आहे, पुढं चल, यासाठी नाकातून तोडून टाकलेला. आणि एखाद्या वाक्याला काहीच आलं नाही तर ते वाक्य कळलेलं नाही, परत वाचायचं. मी परत वाचायचे, जरा वेगळीकडं जोर देऊन, आणि मग तो हं यायचा, कुलूप उघडल्यासारखा. आज मी मोठ्या शहरांतल्या स्टुडिओत बसते, काचेपलीकडे शिकलेली माणसं कानाला यंत्रं लावून बसलेली असतात, पण एक वाक्य पोचलं की नाही हे तुझ्याइतकं चोख सांगणारा कान मला परत भेटला नाही.

एकदा ग्रंथात राजपुत्रानं घर सोडून जाण्याचा प्रसंग आला. मी तयारी करून गेले होते. वाचताना गळा दाटून आणला, आवाज कापरा केला, शेवटच्या ओळीला तर डोळ्यांतून खरंच पाणी काढलं. समोर कुणाचा हं नाही. मी मनात म्हटलं, सगळ्या रडत असतील. वर बघितलं तर सगळ्या कोरड्या ठणठणीत, एक आजीबाई तर माझ्याकडे काळजीनं बघत होती, पोरीला बरं नाही की काय म्हणून. त्या दिवशी घरी आल्यावर तू आधी चूल पेटवलीस. मग म्हणालीस, "रडायचं बी तूच रडून घेतलं. मंग आमच्याकडं काय ठिवलं?" माय, या एका वाक्यासाठी लोक आता वर्ग लावतात, दोन-दोन महिने शिकतात आणि तरी त्यांना ते उमगत नाही. तू ते भाकरीचं पीठ मळता मळता सांगितलंस आणि लगेच मला मीठ आणायला पाठवलंस.

आणि प्लॉटवरची ती दुपार. सुट्टी असली की मी तुझ्यासोबत बियाण्याच्या प्लॉटवर यायचे, तुम्ही सगळ्या क्रॉसिंगच्या कामाला. दुपारी उद्या उमलणारी कपाशीची कळी नखानं सोलायची, आतले नराचे तुरे काढून टाकायचे, खूण म्हणून दोरा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर अलगद टेकवायचं. तुझ्या अंगठ्याचं नख त्या हंगामात हिरवं-काळं झालेलं असायचं. भाकरी खायला बाया बाभळीखाली बसल्या. त्यात शेतमालकाच्या घरची मोठी सूनही होती, ती विहारात यायची नाही, तिची रीत वेगळी. तिनं सहज विचारलं, तुमच्यात रोज काय वाचत असतेत गं? आणि तू सांगायला लागलीस. मला वाटलं, दोन शब्दांत सांगशील. तू आदल्या संध्याकाळचं सबंध पान सांगितलंस. थोडंथोडकं नाही, जवळपास शब्दाला शब्द, आणि जिथं मी थांबले होते तिथंच थांबत. शेतमालकाची सून भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली आणि पुढं पुढं तीच हं म्हणायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. मला ते पान पाठ नव्हतं. मी तर ते डोळ्यांनी वाचलं होतं.

संध्याकाळी बांधावरून परतताना मी विचारलं, तुझ्या एवढं ध्यानात कसं राहतं. तुला प्रश्नच नीट कळला नाही, त्यात विचारण्यासारखं काय आहे असं तुझं तोंड झालं. मग म्हणालीस, "तू थांबतीस ना, तवा मी ते ठिवून देते. थांबलीच न्हाई तं कुठं ठिवू?" तुझं डोकं म्हणजे मला तेव्हापासून फडताळ वाटायला लागलं, नीट लावलेलं, प्रत्येक वाक्याला आपली जागा. आम्ही शिकलेली माणसं वहीत लिहून ठेवतो आणि वही हरवतो. मी त्या बांधावर तुझ्या मागून चालत होते आणि पहिल्यांदा तुझा दरारा वाटला, मारण्याचा नाही, दुसराच काहीतरी. तो अजून गेलेला नाही.

त्या वर्षी आश्विन पौर्णिमेला ग्रंथाची समाप्ती झाली, खीर झाली, आणि तू मला बॅटरी आणून दिलीस. दोन सेलची, पुढं लाल कडं असलेली. वाचताना लाइट जायची आणि माझी ओळ हरपायची, बाया अंधारात बसून राहायच्या, म्हणून. शेजारणीनं तुला हटकलं, पोरीला फ्रॉक घ्यायचा सोडून हे काय घेतलं. तू म्हणालीस, फ्रॉक तिच्या एकटीच्या कामाचा, ही समद्यांच्या कामाची. मला अर्थातच फ्रॉक हवा होता. दोन दिवस मी त्या बॅटरीला हात लावला नाही.

मी जालन्याला कॉलेजच्या शेवटच्या वर्षात असताना तू काविळीनं गेलीस, आठ दिवसांत. त्याबद्दल आज जास्त लिहीत नाही. फक्त एवढं सांगते की नंतर कितीतरी महिने मी मोठ्यानं काहीच वाचलं नाही. अभ्याससुद्धा मनातल्या मनात.

पुढं जालन्यातच एका बियाण्याच्या दुकानात हिशेबाला लागले. शेजारी एक गाळा होता, तिथं प्रचाराच्या रिक्षांसाठी ऑडिओ बनवत. उद्घाटन, सेल, दहावा, निवडणूक, सगळं. एक दिवस तिथली नेहमीची मुलगी आली नाही आणि तो रेकॉर्डिस्ट आमच्या काउंटरवर आला, म्हणाला, मॅडम, चार ओळी वाचता का, साडीच्या सेलच्या. मी वाचल्या. त्यानं ऐकून मान हलवली आणि मग कपाळाला आठी घातली. "मॅडम, हे मधे मधे काय झालं? बंद पडलं का काय?" मी वाक्य संपलं की थांबत होते. कुणाच्याही नकळत, माझ्याही. इतकी वर्षं ज्या जागी तुझा हं यायचा ती जागा मी साडीच्या सेलमध्येही सोडली होती. बिचाऱ्यानं सगळी थांबणी कापून काढली आणि सेलची जाहिरात गावभर धावत गेली. त्यानंतर त्याच्याकडे मी पुष्कळ कामं केली, आणि दर वेळी तो आधी माझ्या थांबण्यांवर कात्री चालवायचा. भला माणूस, त्याच्यामुळेच मी माईकसमोर बसायला शिकले, पण कापण्यात त्याचा हात फार सैल होता.

या धंद्यात वर जायचं तर एजंट लागतो, त्याला कोऑर्डिनेटर म्हणतात. मोठमोठ्या शहरांतली कामं त्यांच्या हातात. आपण आपल्या आवाजाचा नमुना पाठवायचा, त्याला डेमो म्हणायचं, आणि उत्तराची वाट बघायची. मी किती जणांना पाठवला त्याला गणती नाही. पहिल्या डेमोत तर मी नऊ आवाज घातले होते, म्हातारी, पोर, रागावलेली, रडणारी, आणि शेवटी वाघही. एका सज्जनानं उत्तर दिलं की वाघ चांगला आहे. बाकीच्यांनी तेवढंही नाही. मधल्या काळात लग्न झालं होतं, नोकरी सोडली होती, खोलीच्या भिंतींना गाद्या आणि जुन्या गोधड्या लावून, त्यात तुझ्या हातच्याही दोन, रेकॉर्डिंगची जागा केली होती. स्टीलच्या कारखान्यांचे ट्रक जायचे थांबले की वाचायचं, लाइट असेल तोवर वाचायचं. चार वर्षं अशी गेली. जाऊबाई म्हणायच्या, एकटीच बोलत बसती दार लावून. नवरा काही बोलायचा नाही, पण त्यानं माझ्यासाठी शाळेतल्या नोकरीचा अर्ज आणून टेबलावर ठेवला होता. तो मी भरायच्या बेतात होते.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. एका एजंट बाईंना एका पुस्तकाचं पान वाचून पाठवायचं होतं. कापून, गुळगुळीत केलेली फाइल पाठवायच्या ऐवजी मी मूळची पाठवली, सगळ्या थांबण्यांसकट. कळलं तेव्हा डोकं धरून बसले. तिसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, मी तुमचं पान चार वेळा ऐकलं. मी माफी मागायला लागले की चुकून कच्चं गेलं, पक्कं लगेच पाठवते. त्या म्हणाल्या, ते पक्कं मुळीच पाठवू नका. मग म्हणाल्या, "वाक्य संपलं की सगळे श्वास घेतात. तुम्ही वाट बघता. कुणाची?"

माय, मला उभ्या जागी रडू फुटलं. ज्या बाईनं आयुष्यात टेंभुर्णी बघितलेली नाही, तिला तू ऐकू आली होतीस. विहाराच्या भिंतीला टेकून बसलेली, अंगठ्याचं नख काळं झालेली तू, माझ्या थांबण्यातून तिच्या कानापर्यंत गेली होतीस. मी तोंडावर हात धरला. त्यांनी पुढं विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? आणि मी म्हणाले, "एक सर होते आमच्या गावात."

असं का म्हणाले ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. त्यांचं मराठी धुतल्या तांदळासारखं होतं. मजुरीला जाणारी, अंगठा लावणारी आई सांगितली असती तर त्यांना माझी दया आली असती असं वाटलं, आणि मला दया नको होती, काम हवं होतं. विहार म्हटलं असतं तर त्याच्या मागून जे दोन प्रश्न येतात ते त्या दिवशी मला नको होते. लाजले, एवढंच. तुझी लाज वाटली, माय. ज्या घटकेला तुझ्यामुळे माझं आयुष्य बदलत होतं त्याच घटकेला मी तुला बाजूला सारलं.

बाईंनी मला घेतलं. पहिलं अकरा तासांचं पुस्तक दिलं, मग दुसरं, आणि त्यांनी माझी अशी काळजी घेतली की अर्ज टेबलावरून केव्हा गेला कळलंही नाही. पण सरही माझ्याबरोबर वाढत गेले. बाईंनी माझ्या परिचयात त्यांना घातलं. मी नवीन मुलामुलींचे वर्ग घ्यायला लागले, त्यात लोक विचारायचे, सर कसे होते? मी सरांना चष्मा दिला, सायकल दिली, पांढरा सदरा दिला. त्यांची बदली आष्टीहून टेंभुर्णीला झाली असं सांगितलं. पळून राहिलीस का, हे सर म्हणाले. रडायचं तूच रडून घेतलंस, हेही सरच म्हणाले, आणि शुद्ध मराठीत म्हणाले. बॅटरी सरांनी बक्षीस दिली. मुलं वहीत लिहून घेत. शिक्षक दिनाला एकानं सरांना माझ्यामार्फत वंदन पाठवलं, दुसऱ्यानं त्यांचा फोटो मागितला. मी सांगितलं, त्यांना फोटो काढून घ्यायला आवडत नसे. इतकं सफाईनं मी माईकवरसुद्धा खोटं बोलत नाही.

गेल्या आठवड्यात बाई म्हणाल्या, आपण तुमच्यावर एक छोटी फिल्म करू, सरांच्या शाळेत, तुमच्या गावात. येत्या रविवारी कॅमेरा घेऊन त्या टेंभुर्णीला येणार. तुझ्या बरोबरीच्या अजून पाच-सहा बाया आहेत तिथं. बाई त्यांना विचारणार, हिला वाचायला कुणी शिकवलं, आणि त्या सगळ्या मिळून तुझं नाव घेणार. माझी फजिती होईल, एजंट जाईल, कामं जातील, हे सगळं डोक्यात आलं. पण त्याहून जास्त भीती वाटली ती दुसरीच. त्या बाया तुझं नाव घेतील आणि मी तोंडावर खोटं आश्चर्य आणीन. तुझी लेक तिथं उभी असून तुझं नाव दुसऱ्यांनी सांगावं लागेल.

म्हणून आज सकाळी फोन केला. सगळं सांगितलं, पळत, न थांबता, तू असतीस तर एकही हं दिला नसतास. सर नव्हते, कुणीच सर नव्हते, माझी आई होती, ती क्रॉसिंगला जायची, तिला वाचता येत नव्हतं. मला वाटलं, संपलं. पण बाई म्हणाल्या, रविवारचं तसंच राहू दे, फक्त आपण शाळेत न जाता विहारात जाऊ. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना तुझ्याबद्दल ऐकायचं होतं, आणि मी अर्धा तास बोलत राहिले, तुझं प्लॉटवरचं सबंध पान, शेतमालकाची सून, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी सहज, वाईट काही मनात नसताना, विचारलं, "मग एवढी हुशार बाई, तुम्ही त्यांना वाचायला नाही शिकवलंत?"

मी म्हणाले, वेळच मिळाला नाही हो, तिची मजुरी, माझी शाळा. बाई म्हणाल्या, खरंय.

ते खरं नाही. मी नववीत होते. तू माझी जुनी पाटी माळ्यावरून काढलीस, पुसलीस आणि माझ्यापुढं ठेवलीस. "मला बी शिकव की गं." तू काही मागायची नाहीस कधी, म्हणून मला आधी गंमत वाटली. ओट्यावर बसून आपण सुरू केलं. चार दिवस, माय, फक्त चार दिवस, आणि तू अक्षरं अशी उचलत होतीस की मी दाखवायच्या आधी पुढचं बोट ठेवायचीस. जे कानानं ठेवलं होतं ते सगळं तुझ्या आत लावून तयार होतं, त्यावर नुसती अक्षरं चिकटवायची बाकी होती. पाचव्या दिवशी बाजारात तू एका दुकानापुढं थांबलीस, मान वर केलीस आणि पाटीवरचं नाव सावकाश, एकेक अक्षर करून वाचलंस. मग माझ्याकडे वळून हसलीस. तुला एवढं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

मला ते आवडलं नाही. मला दिसत होतं की वर्षभरात तू ग्रंथ स्वतः उघडून बसशील, माझ्याहून नीट वाचशील, आणि मग तुला मी वाचून दाखवायची गरज उरणार नाही. अख्ख्या जगात मला ऐकणारी तू एकटी होतीस. संध्याकाळी तू पाटी घेऊन आलीस तेव्हा मी म्हणाले, आता नको, माझी परीक्षा आहे. तू लगेच उठलीस, पाटी पुसून माळ्यावर ठेवलीस, आणि माझ्या अभ्यासाला त्रास नको म्हणून त्या आठवड्यात भांडीसुद्धा बाहेर नेऊन घासलीस. परत कधी विचारलं नाहीस. मीही काढलं नाही.

परीक्षा नव्हती, माय. दिवाळीची सुट्टी चालू होती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि पाठवलं असतं तरी तुला ते वाचून दाखवायला मीच लागले असते. खरं सांगते, तुझ्यासमोर बसून वाचताना हे शेवटचं पान मी गाळलं असतं.